ब्राझीलची पट्टी

मार्केट यार्ड, गुलटेकडी, पुणे
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

चि. माऊ हिस,


आज शनिवार. फळभाजी विभागाला सुट्टी, त्यामुळे गाळ्यावर मी एकटाच आहे. पंखा बंद ठेवलाय, नाहीतर कांद्याची साल उडून कागदावर येऊन बसते. भाऊबीजेला तू विचारलंस त्याचं उत्तर त्या दिवशी मी दिलं नाही. मी पाटावर बसलेलो, तुझी आई ओवाळत होती, आणि तू एकदम म्हणालीस, "मामा, मला एक लाख उचल देशील? २०२७ ला ब्राझीलला जायचंय, बायकांचा वर्ल्डकप आहे." आईच्या हातातलं तबक जागच्या जागी थांबलं. मी विषय बदलला. ते तुला लागलं, हे मला दिसलं. म्हणून हे पत्र. फोनवर बोलता आलं असतं, पण असला हिशोब तोंडी होत नाही, त्याला कागद लागतो.

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायचा नाही. तू ब्राझीलला जायचंस. पण उचल घेऊन नाही.

तू सहज वापरलेला तो शब्द मी गेली तीस वर्षं वहीत लिहितोय. शेतकऱ्याला पेरणीला पैसे लागतात, तो गाळ्यावरून उचल घेतो. मग त्याचा माल त्याच गाळ्यावर यावा लागतो, शेजारच्या गाळ्यावर दोन रुपये जास्त मिळत असले तरी. माल विकला की मी पट्टी लिहितो: एकूण विक्री इतकी, त्यातून मोटारभाडं वजा, हमाली वजा, तोलाई वजा, उचल वजा, आणि सगळ्यात खाली बाकी रोख. त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून गप्प उभी राहिलेली माणसं मी पाहिलीत. माझ्या वडिलांनी, आपल्या नानांनीही, उचल घेतली होती. बहात्तरच्या दुष्काळात ते गाव सोडून पुण्यात आले, हमाली धरली, आणि काही वर्षांनी माझ्या आत्याच्या लग्नाला चार हजारांची उचल घेतली. ती फिटायला सहा वर्षं गेली. त्या सहा वर्षांत दुसरीकडे बरं काम मिळत होतं, पण नाना हलू शकले नाहीत. तेच नाना पंढरपूरला मात्र दरवर्षी जायचे. त्यासाठी गूळपावडरचा एक डबा होता, त्यात रोज एक नाणं पडायचं. माझी आई एकदा म्हणाली, यंदा डब्यात कमी आहेत, शेठकडून घ्या की. नाना म्हणाले, वारीला उचल घेऊन जायचं नसतं. त्या वर्षी ते वाखरीपर्यंत गेले नाहीत, सासवडपर्यंत पालखीबरोबर चालले आणि परत फिरले.

तुझा वर्ल्डकप २४ जून ते २५ जुलै २०२७, म्हणजे वारीच्याच दिवसांत. मला ते बरं वाटलं.

आता तुला वाटेल, मामाला फुटबॉलमधलं काय कळतं. खेळातलं फारसं कळत नाही. पण आपण दोघांनी दोन आंतरराष्ट्रीय स्पर्धा पाहिल्यात, आणि दोन्हींचा खर्च माझ्या वहीत आहे. काल ती जुनी पानं काढून बसलो होतो.

पहिली, ऑक्टोबर २०१७. सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्डकप भारतात होता. दिल्ली, कोलकाता, कोची, गोवा, गुवाहाटी आणि आपल्या बाजूला नवी मुंबई. आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेला म्हणून तू त्याचं कात्रण वहीत चिकटवलं होतंस. पण भारताचे तिन्ही सामने दिल्लीत, ते काही आपल्याला झेपणारं नव्हतं. मी तुला २५ ऑक्टोबरला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर नेलं, स्पेन आणि मालीची सेमी फायनल. तू बारा वर्षांची होतीस. स्पेन ३-१ जिंकला, फेरान टोरेसने तिसरा गोल केला, आणि तू मात्र मालीच्या बाजूने घसा बसेपर्यंत ओरडलीस. त्या दिवसाच्या पानावर मी तिकिटं लिहिलीत, जातानाचं भाडं लिहिलंय, वडापाव, पाण्याच्या बाटल्यासुद्धा लिहिल्यात. परतीची ओळ नाही. मला वाटलं होतं, सामना संपला की मिळेल काहीतरी. रात्री दहानंतर हजारो माणसं एकदम रस्त्यावर आली तेव्हा माझा हात तुझ्या मनगटावर किती घट्ट होता, ते तुला आठवतं का? शेवटी लोकलने वाशी गाठली, तिथल्या मार्केटात ओळखीच्या गाळ्यावर बारदानावर झोपलो, आणि पहाटे पुण्याकडे निघालेल्या टेम्पोत बसून घरी आलो. तुला ती गंमत वाटली. मी मात्र रात्रभर जागा होतो. परक्या गावात लेकीसारखी पोर घेऊन आलोय आणि परतीचं काहीच ठरवलेलं नाही, या भीतीने.

म्हणून माऊ, तुझ्या वहीत पहिली ओळ परतीची लिही. अंतिम सामन्याचं तिकीट मिळो न मिळो, तू कुठल्या तारखेला, कुठल्या विमानतळावरून, किती वाजता निघणार, आणि आदल्या रात्री कुठे झोपणार, हे आधी. बाकी सगळं त्याच्या वर रचायचं.

दुसरी स्पर्धा तुझी खरी. त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये महिलांचा आशिया चषक आपल्या बालेवाडीत आला होता. आपल्याच शहरात, आणि करोनामुळे प्रेक्षकांना आत सोडत नव्हते. आपल्या मुलींच्या संघाला तर त्या साथीपायी स्पर्धेतूनच बाहेर पडावं लागलं. तू दोन दिवस जेवली नव्हतीस. मग त्याच वर्षी दिवाळीत सतरा वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्डकप आला. त्या भाऊबीजेला मी तुझ्या आईला साडी दिली आणि तुला फायनलची तिकिटं, पुन्हा नेरूळच्याच मैदानाची. ३० ऑक्टोबर, रविवार. इथे रविवार म्हणजे आठवड्याची सगळ्यात मोठी आवक. मी पहाटे तीनपासून पट्ट्या लिहीत होतो, अकराला हात धुतले, आणि या खेपेला येण्या-जाण्याचा टेम्पो आधीच ठरवलेला होता. स्पेन १, कोलंबिया ०. तोही शेवटच्या दहा मिनिटांत कोलंबियाच्याच मुलीच्या पायाला लागून आत गेलेला गोल. सामना संपल्यावर सगळे स्पेनच्या मुलींकडे बघत होते, त्यांच्या विकी लोपेझकडे. तू मात्र कोलंबियाच्या त्या दुसऱ्या मुलीकडे बघत होतीस. लिंडा कायसेडो. सतरा वर्षांची, तुझ्याच वयाची. पंधराव्या वर्षी कॅन्सरमधून उठून आलेली. येताना खंडाळ्याच्या घाटात तू मला ते सगळं सांगितलंस आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलीस.

पुढच्या जुलैत, तोही रविवारच होता, दुपारी तीन वाजता आपण टीव्हीसमोर होतो. सिडनीत मोठ्यांच्या वर्ल्डकपमध्ये लिंडाने जर्मनीला गोल मारला. तू उठून उभी राहिलीस आणि काहीच बोलली नाहीस. मला वाटतं, ब्राझीलला जायचं तू त्याच दिवशी ठरवलंस. म्हणून तू उचल मागितलीस तेव्हा मला राग आला नाही. मला फक्त हिशोब दिसेना.

आता हिशोबाला बसू.

सगळ्यात आधी, संघावर पैसे लावू नकोस, गावावर लाव. कोलंबिया ब्राझीलला पोचेल अशी आपण आशा करू. भारत पोचतो का, ते मार्चमधल्या ऑस्ट्रेलियाच्या आशिया चषकात कळेल. जुलैत चियांग माईला थायलंडला २-१ हरवून आपल्या मुलींनी त्या चषकातली जागा स्वतःच्या पायांनी मिळवली, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, हे मी तुझ्याइतकंच अभिमानाने सांगतो. पण कोण कुठल्या शहरात खेळणार हे ड्रॉ निघेपर्यंत कुणालाच कळणार नाही, आणि तोपर्यंत राहायच्या जागा महाग होतील. ब्राझील काही कतार नव्हे. २०२२ च्या पुरुषांच्या वर्ल्डकपला आमच्या गाळ्याच्या शेठचा मुलगा दोह्याला गेला होता. आठही मैदानं एका शहराच्या आसपास, तिकीट असलेल्याला मेट्रो फुकट, एकाच खोलीत राहून त्याने एका दिवसात दोन सामने पाहिले. तिथलं ते हय्या कार्डच देशात शिरायचा परवाना होतं. ब्राझीलमध्ये तसं धरून चालू नकोस. सामन्याचं तिकीट वेगळं, व्हिसा वेगळा.

ब्राझीलची आठ शहरं मी नकाशावर पाहिली. दक्षिणेला पोर्तो अलेग्रे, उत्तरेला फोर्तालेझा, मध्ये तीन हजार किलोमीटरच्या वर अंतर. लांबच्या गावांना जोडणारी आपल्यासारखी रेल्वे तिथे नाही, बस नाहीतर विमान. लिंडाच्या मागे धावायला गेलीस तर सगळा पैसा आतल्या विमानांतच जाईल. पण रिओ, साओ पावलो आणि बेलो ओरिझोंते ही तीन गावं बघ. रिओ ते साओ पावलो साधारण ४३० किलोमीटर, म्हणजे पुण्याहून पणजी. रिओ ते बेलो ओरिझोंतेही जवळपास तेवढंच. रात्रीच्या बसने होतं. हा त्रिकोण धर. या तीन गावांत मिळून पुष्कळ सामने होतील, त्यातले चार तुझ्या नशिबात येतीलच. त्यात लिंडा आली तर तिचं भाग्य आणि तुझंही. नाही आली तरी रिओचं माराकाना तू आतून पाहिलेलं असेल.

तिकिटांचं मला वाटलं होतं तेवढं भय नाही. बायकांच्या वर्ल्डकपला २०२३ मध्ये मोठ्या माणसाचं सगळ्यात स्वस्त तिकीट वीस ऑस्ट्रेलियन डॉलर होतं, त्या वेळचे अकराशे रुपये. पुढच्या वर्षीच्या पुरुषांच्या वर्ल्डकपला विक्रीच्या सुरुवातीला साठ डॉलरपासून ६,७३० डॉलरपर्यंत होतं, म्हणजे वरचं टोक सहा लाख रुपयांच्या घरात! ब्राझीलचे दर आपल्या हातात येतील तेव्हा येतील. मी सामन्याला तीन हजार धरतोय, सढळ हाताने. फिफाची विक्री टप्प्याटप्प्याने होते, काही टप्प्यांत सोडत निघते, काहींत पहिला येईल त्याला. पहिल्या टप्प्यातच नाव घाल. आणि तिकीट फिफाच्या जागेवरूनच घे. परत विकायचं झालं तरी तिथेच. कुणी ओळखीचा, मित्राचा मित्र, "माझ्याकडे जास्तीचं आहे" म्हणाला तर ऐकूही नकोस.

कागदपत्रांत तुझ्याकडे पासपोर्टच नाही. मुंढव्याच्या सेवा केंद्राची वेळ घे, साधा पासपोर्ट १,५०० रुपयांत होतो. तो या डिसेंबरातच काढून ठेव. व्हिसाचं काम ब्राझीलच्या मुंबईतल्या वकिलातीच्या नियमाने. आणि एक गोष्ट तुझ्या मैत्रिणींनाही सांग, पिवळ्या तापाची लस. ब्राझीलहून परत येणाऱ्याकडे तिचा दाखला नसेल तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते, निघायच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, एकदा घेतली की दाखला जन्मभर चालतो. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ती मिळायची नाही.

विमान हा सगळ्यात मोठा आकडा. इथून थेट विमान नाही, दुबई, दोहा नाहीतर अदिस अबाबा करून साओ पावलो. अमेरिकेवरून जाणारं स्वस्त तिकीट दिसलं तर भुलू नकोस, तिथे नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. तिकिटं साधारण अकरा महिने आधी विकायला येतात आणि मग भाव कांद्यासारखा हलतो. चाळीत कांदा ठेवून भाव वाढायची वाट बघणारे मी खूप पाहिले. कधी साधतं, कधी कांद्याला कोंब फुटतात. तू आपला आकडा ठरव, जाऊन-येऊन एक लाख चाळीस हजार. तो दिसला की घे. मग पुन्हा त्या पानाकडे बघू नकोस. दुसऱ्या दिवशी पाच हजारांनी उतरलेलं दिसलं की उगाच झोप जाते.

तू आधी केलेली खर्चाची यादी चौदा रात्रींची होती. ती मी अशी मांडली. विमान १,४०,०००. पासपोर्ट, व्हिसा, लस, विमा मिळून २०,०००. तुम्ही तिघी मैत्रिणींत वाटून राहणं रात्रीला ३,०००, म्हणजे ४२,०००. जेवण दिवसाला २,०००, म्हणजे २८,०००. गावोगावची बस १५,०००. पाच सामने १५,०००. गावातलं फिरणं १०,०००, कपडे-सिमकार्ड-किरकोळ १०,०००. एकूण २,८०,०००.

इथे तू थांबली होतीस. मी थांबत नाही, कारण तू घट धरली नव्हतीस. चाळीत शंभर किलो कांदा ठेवला तर शंभर किलो कधीच बाहेर येत नाही. तो सुकतो, सडतो, त्याचं वजन उतरतं. पैशाचंही परदेशात तसंच. बहुतेक कार्डांवर परक्या चलनाला दोन ते साडेतीन टक्के वर लागतात. दुकानातलं मशीन विचारतं, रुपयांत देता का? तिथे नाही म्हणायचं आणि त्यांच्याच चलनात द्यायचं, नाहीतर भाव त्यांच्या मनाचा लागतो. एखादी बस चुकेल, एखादी रात्र जास्त काढावी लागेल, रुपया घसरेल. मी बारा टक्के घट धरली, ३३,६००. झाले ३,१३,६००.

आता जमेची बाजू. साठवलेले ४२,०००. नोकरी लागून पाच महिने झाले, घरी देऊन तुझ्याकडे महिन्याला ११,००० उरतात असं तुझी आई म्हणते. डिसेंबरपासून २०२७ च्या मेपर्यंत अठरा महिने, १,९८,०००. एकूण २,४०,०००. तूट ७३,६००. म्हणून तू एक लाख मागितलेस. हिशोब तुझा फारसा चुकला नव्हता.

पण तूट दिसली की लगेच कर्जाकडे बघायचं नसतं, आधी मालाकडे बघायचं. मी चौदाच्या दहा रात्री केल्या. त्याने राहण्याचे बारा हजार आणि जेवणाचे आठ हजार वाचले. पाचाचे चार सामने केले, तीन हजार. बसची एक फेरी कमी, पाच हजार. खर्च आला २,५२,००० वर, घट ३०,२४०, एकूण २,८२,२४०. तूट उरली ४२,२४०. चौदातल्या चार रात्री कापताना मला वाईट वाटलं, खरंच. पण दहा दिवसांत चार सामने म्हणजे काही थोडं नाही. नेरूळला तर आपण सगळे मिळून दोनच सामने पाहिले आणि ते अजून पुरतायत.

२१,००० मी देईन. ती उचल नाही. ती परत करायची नाही, तिची पट्टी निघायची नाही, आणि घरात कुणी त्यावरून बोललं तर मला सांगायचं. पुढच्या भाऊबीजेच्या आत तुझ्या खात्यात येतील. तू मला एक लाख परत करत बसली असतीस तर तीन-चार वर्षं गेली असती. त्या वर्षांत तुला नोकरी बदलावीशी वाटली असती, कोचिंगचं लायसन्स करायचं असतं, आणि दर महिन्याला माझा चेहरा डोळ्यांपुढे आला असता. मला तुझ्या डोळ्यांपुढे तसा यायचं नाही.

उरलेले २१,००० तू इथून मिळवशील. रविवारी आवक इतकी असते की माझ्या एकट्याच्या हाताला पट्ट्या आवरत नाहीत, मी शेठला हात मागतच होतो. काल विचारलं. रविवारचे पाचशे रुपये, पहाटे तीन ते अकरा. बेचाळीस रविवार. तुझं अक्षर चांगलं आहे आणि बेरीज माझ्याहून जलद. हमाल मंडळी ओळखीचीच आहेत, नानांची नात म्हणून तुला सगळे जपतील. काम झालं की कष्टाची भाकर केंद्रावर पिठलं-भाकरी खाऊ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने १९७४ ला ते सुरू केलं, तेव्हा नाना पहिल्या दिवसांपासून तिथे जेवत. राहिले २४० रुपये. ते तुझ्या आईकडून घे, तिलाही या वहीत आपलं नाव हवं असेल.

पैसे घरात ठेवू नकोस. बँकेत बारा महिन्यांची आवर्ती ठेव काढ, दरमहा अकरा हजारांची. ती २०२६ च्या शेवटी सुटेल, साठवलेले धरून पावणेदोन लाख हातात येतील, त्यात विमान आणि व्हिसा उरकतील. उरलेल्या सहा महिन्यांचे पैसे खर्चाचे. जाताना रोख डॉलर थोडे, एका फेरीला तीन हजारांपर्यंत नेता येतात पण तुला तेवढे लागणार नाहीत. बाकी फॉरेक्स कार्डावर. टूर कंपनीचं पॅकेज घेतलंस तर ते वरून टीसीएस नावाचा कर घेतील. रिटर्न भरल्यावर तो वळता होतो, पण तोपर्यंत पैसा अडकतो, म्हणून आपलं आपण केलेलं बरं. तिथे पिक्स म्हणून आपल्या यूपीआयसारखं काहीतरी सगळीकडे चालतं, पण त्याला तिथलं खातं लागतं, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नकोस.

जेवणाची मला काळजी होती, ती एका गोष्टीने गेली. तिथे दुपारचं जेवण पुष्कळ ठिकाणी वजनावर विकतात. 'पोर किलो' म्हणतात. ताट आपण भरायचं, काट्यावर ठेवायचं, जेवढं वजन तेवढे पैसे. तोलाईवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे वाचून किती बरं वाटलं ते काय सांगू! भात आणि घेवडा तर घरोघरी. बेलो ओरिझोंतेच्या बाजूला चीज घातलेले छोटे गोळे मिळतात, त्यांना पाव दे केजु म्हणतात. पाव हा शब्द आपण त्यांच्याच भाषेतून घेतलाय. बटाटाही. काजूचं झाड तर ब्राझीलचंच, पोर्तुगीज जहाजांतून आपल्याकडे आलं. आणि पगार! पोर्तुगीजमध्ये 'पगार' म्हणजे पैसे देणं. आपण मिळालेल्या पैशांना तो शब्द लावला. परक्या देशात उतरलीस की इतके शब्द तुझ्या ओळखीचे निघतील.

जून-जुलैत तिकडे थंडी. साओ पावलोची रात्र पुण्याच्या डिसेंबरसारखी, पोर्तो अलेग्रे त्याहून गार. रस्त्यात फोन हातात धरून चालू नकोस. रात्रीच्या सामन्यानंतर तिघींनी एकमेकींचा हात सोडायचा नाही, २०१७ ला मी तुझा धरला होता तसा.

आणि माझं एक काम. साओ पावलोत सीएजेस्प म्हणून घाऊक बाजार आहे, भाजी, फळं, फुलं, सगळं. आपल्या यार्डासारखाच, पण कितीतरी मोठा. एक सकाळ तिथे जा, जमलं तर उजाडायच्या आत, खरा बाजार तेव्हाच असतो. कुठल्या तरी गाळ्यापुढे उभी राहा आणि नुसतं "बटाटा" म्हण, त्यांना कळेल. त्या दिवशीचा बटाट्याचा आणि कांद्याचा भाव विचारून घे. किलोचा की डागाचा तेही लिही, आणि त्यांच्याकडे पट्टी कशी लिहितात, हमाल पाठीवर उचलतो की गाड्यावर, हे बघून ये. मला कुठली दुसरी वस्तू आणू नकोस.

नवी वही आणून ठेवलीय. पहिल्या पानावर श्री लिहून खाली तुझं नाव घातलंय, आणि परतीची ओळ मोकळी सोडलीय, तारीख तू घाल.

तुझा,
मामा

ता. क. उद्यापासूनच ये. येताना स्वेटर आण, पहाटे तीनला गाळ्यावर गारठा असतो. आणि निळं पेनही आण.